रस्ता रुंद झाला, मोरी तेवढीच

प्रति,
माननीय आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका



मी सातारा परिसरात राहतो. हयात पाटबंधाऱ्याच्या कामात गेली. नाल्याचे आडवे छेद काढायचे, पुराच्या खुणा शोधायच्या, गावातल्या म्हाताऱ्याला विचारायचं की बाबा, पाणी कुठवर आलं होतं, आणि त्यानं काठीनं दाखवलेली जागा लेव्हल लावून वहीत उतरवायची. आता निवृत्त आहे. सवय मात्र सुटत नाही. सकाळी फिरायला जाताना खिशात मोजपट्टी असते आणि त्यावरून घरात थट्टाही होते.

आपल्या शहराच्या पुराविषयी लिहिलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खाम नदी येते. ते स्वाभाविक आहे. जटवाड्याकडच्या डोंगरातून निघून, हर्सूल तलाव भरून, बेगमपुरा, मकाई दरवाजा, पाणचक्की, छावणी असं करत ती पुढे नाथसागराला मिळते. तिच्यावर गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक आणि इकोसत्त्व यांनी चांगलं काम केलं आहे. लोक पुन्हा तिला नदी म्हणू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. सुखना नदीचंही नाव अधूनमधून निघतं. मला आज या दोघींविषयी बोलायचं नाही. मला बोलायचं आहे ते नावच नसलेल्या नाल्यांविषयी, आणि त्याहूनही जास्त, रस्ता जिथे नाला ओलांडतो त्या मोऱ्यांविषयी.

2025च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मुकुंदवाडी, जालना रोड, बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव इथे आपल्या यंत्रणेनं रस्ते मोकळे केले. कुणाचं दुकान गेलं, कुणाचं घर. योग्य-अयोग्याचा वाद इथे काढत नाही. पण पाडापाडी पाहायला उभ्या असलेल्या गर्दीत माझं लक्ष भलतीकडेच होतं. रस्त्याची रुंदी फितीनं मोजली जात होती, खुणा होत होत्या, आणि मी बघत होतो की या रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीकडे कुणी वाकून पाहतं का. मी होतो तेवढा वेळ तरी कुणी पाहिलं नाही. वरचा रस्ता दुप्पट होणार, त्यावरून येणारं पाणीही वाढणार, आणि खालचे नळ तेच राहणार. रुंदीकरणात मोरी फक्त लांब होते. लांब मोरीत कचरा जास्त अडकतो आणि साफ करायला माणूस आत जाऊ शकत नाही.

आमच्या वस्तीमागून असाच एक नाला जातो. डोंगरातून उतरतो, प्लॉटिंगमधून वाट काढतो आणि मोठ्या रस्त्याला भिडतो. त्याला नाव नाही. जुने लोक नुसतं 'वगळ' म्हणतात. मी नकाशावर त्याच्या पाणलोटाची हद्द आखली. क्षेत्र साधारण दोन चौरस किलोमीटर, म्हणजे दोनशे हेक्टर भरलं. रस्त्याखाली नऊशे मिलिमीटर व्यासाचे तीन नळ आहेत. पुढचा हिशेब आपल्या कोणत्याही कनिष्ठ अभियंत्याला पाच मिनिटांत करता येईल.

तासाला साठ मिलिमीटर या वेगानं पाऊस पडतो असं धरू. हवामान खातं तासाला शंभर मिलिमीटरला ढगफुटी म्हणतं, म्हणजे मी ढगफुटी धरलेली नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे सगळं शिवार होतं. ज्वारी, तूर, माळरान. तेव्हा पडलेल्या पाण्यातलं चाळीस टक्के वाहून नाल्यात आलं असं मानलं, तर मोरीपाशी सेकंदाला तेरा घनमीटर पाणी येतं. आज तिथे घरं आहेत, सिमेंटचे रस्ते आहेत, अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. आता ऐंशी टक्के वाहून येतं असं धरा. आकडा जातो सव्वीस घनमीटरच्या वर. पाऊस तोच, डोंगर तोच, पाणी दुप्पट. आणि तीन नळ? ते अगदी स्वच्छ असले, आतून पाणी सेकंदाला दोन मीटर वेगानं गेलं, तरी तिघांतून मिळून चार घनमीटरसुद्धा जात नाहीत.

घनमीटर ही भाषा आपल्या शहराला परकी वाटेल. टँकरची भाषा मात्र इथे लहान मुलालाही कळते. दहा हजार लिटरचा टँकर धरा. मोरीपाशी दर सेकंदाला अडीच टँकरहून जास्त पाणी येऊन धडकतं, आणि नळांतून एक टँकर जायला अडीच सेकंद लागतात.

मग उरलेलं कुठे जातं? रस्त्यावरून. उरतात जवळजवळ तेवीस घनमीटर. रस्त्याचा खोलगट भाग वीस मीटरचा आहे. तेवीसला वीसनं भागलं की प्रत्येक मीटर रुंदीतून सव्वा घनमीटरला थोडं कमी पाणी जातं. हाच आकडा म्हणजे पाण्याची खोली गुणिले वेग, आणि माणूस वाहून जाणार की नाही हे त्यावरच ठरतं. ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यांनी यावर प्रयोग करून मर्यादा ठरवल्या आहेत. धडधाकट माणसासाठी हा गुणाकार शून्य दशांश सहाच्या आत हवा. लहान मोटारीसाठी किती? शून्य दशांश तीन. बहुतेकांना हे उलटं वाटतं. गाडीत बसलो म्हणजे आपण जास्त सुरक्षित, असा सगळ्यांचा समज असतो. पण गाडी हा बंद डबा आहे. पाणी तळाला लागलं की तो तरंगायला लागतो, आणि तरंगला की ब्रेक, गिअर, चालकाचा वीस वर्षांचा अनुभव, कशाचाच उपयोग राहत नाही. गुडघ्याच्या खालीच असलेल्या पाण्यात हे होतं. आमच्या मोरीवर मर्यादेच्या जवळजवळ चौपट आकडा येतो.

एक कबुली देतो. शिवार होतं त्या काळाच्या तेरा घनमीटरलाही हे तीन नळ पुरत नव्हतेच. तेव्हा रस्ता बसका होता, पाणी सरळ वरून जायचं आणि माणसं काठावर थांबायची. बैलगाडीवाला उतरून चाकाखालचं पाणी बघायचा, विडी ओढायचा, तासाभरानं पाणी उतरलं की निघायचा. फरशी पुलाचा हाच प्रामाणिकपणा होता. पुरात मी बुडणार, तुम्ही थांबा, असं तो उघड सांगायचा. आता त्याच जागी डांबराचे थरावर थर चढले. मध्ये काँक्रीटचा दुभाजक आला, कडेला भिंत आली. आपण रस्ता बांधला असं समजतो. नाल्याच्या दृष्टीनं तो बंधारा आहे, आणि त्याला सांडवा नाही. वरच्या बाजूच्या घरांत पाणी शिरलं की आपण म्हणतो, पाऊस फार झाला.

आणि थांबायला वेळ किती मिळतो? दोन किलोमीटर लांबीचा नाला, साठ मीटरचा उतार. किरपिचच्या सूत्रानं डोंगराच्या माथ्यावरचं पाणी मोरीपाशी सव्वीस मिनिटांत पोचतं. गोदावरीच्या पुराची सूचना पैठणहून खालच्या गावांना आधी देता येते. सायरन वाजतो, दवंडी फिरते, तलाठी धावतो. आमच्या वगळीला सव्वीस मिनिटं. शाळा सुटलेली असते, आई स्कूटीवर निघालेली असते, मोरीच्या जागी ऊनसुद्धा असू शकतं. डोंगरावर पडलेला पाऊस तिला दिसलेलाच नसतो. आपल्या शहरात चिकलठाण्याच्या वेधशाळेचा आकडा आणि एमजीएमच्या हवामान केंद्राचा आकडा एकाच संध्याकाळी किती वेगळे असतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एका पेठेत गुडघाभर पाणी आणि दुसऱ्या पेठेत धूळ, असं हे शहर आहे.

लहान नाला म्हणून हसू नये, याची उदाहरणं लांब शोधावी लागत नाहीत. पुण्यात 25 सप्टेंबर 2019च्या रात्री माणसं मेली ती मुळा-मुठेच्या पुरात नव्हे. आंबिल ओढा तो. पुणेकर वर्षभर त्याला गटार म्हणून नाक दाबून ओलांडायचे. 28 सप्टेंबर 2021ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून नांदेड-नागपूर एसटी वाहून गेली. पुलावरून पाणी वाहत होतं, बस घातली गेली, प्रवासी दगावले. त्या नाल्याचं नाव त्याआधी तालुक्याबाहेर कुणी ऐकलं नसेल. 23 सप्टेंबर 2023ला नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि एरवी काळ्या पाण्याची रेघ असणारी नाग नदी घराघरांत शिरली.

या तारखा पुन्हा एकदा वाचा, साहेब. 25 सप्टेंबर, 28 सप्टेंबर, 23 सप्टेंबर. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस तो. हत्ती सोंडेनं ओततो म्हणतात. 2025 साली मराठवाड्याची जी दैना झाली तीही सप्टेंबरातच. तोवर जमीन पिऊन तृप्त झालेली असते, तलाव काठोकाठ असतात, पडेल तो थेंब वाहतो. आणि आपली नालेसफाई? मे महिन्यात निविदा, जूनमध्ये पोकलेन, काठावर काढून ठेवलेला गाळ, वर्तमानपत्रात छायाचित्र. काठावरचा तो गाळ जुलैत पुन्हा पात्रात. गणपती येतात, थर्माकोल येतं, महालक्ष्म्यांचं निर्माल्य येतं, आणि नेमक्या हस्ताच्या तोंडावर नळांचं तोंड बुजलेलं असतं. सफाईचा हंगाम आणि पुराचा हंगाम यांत तीन महिन्यांचं अंतर आहे. दुसरी सफाई गणेश विसर्जनानंतर लगेच करा, आणि सगळा नाला नको, फक्त मोऱ्यांच्या वरच्या पन्नास पन्नास मीटरची करा. हे एवढं तरी या वर्षीच होण्यासारखं आहे.

आता मुख्य मागणी. ती मी कुठल्या परदेशी शहराकडून उसनी घेतलेली नाही. आपल्याच शहराच्या पोटातून जाणाऱ्या रेल्वेकडे बघून सुचली आहे. निजामाच्या राज्यात, 1900च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे इथे आली. त्या लोहमार्गावरच्या कोणत्याही पुलाशी जाऊन उभे राहा, अगदी बकरी जाईल एवढ्या मोरीशीसुद्धा. तिला क्रमांक असतो. तिची लांबी आणि गाळे नोंदवलेले असतात. पाणी कुठवर आलं होतं ती पातळी आणि कुठवर आल्यावर गाडी थांबवायची ती पातळी मोठ्या पुलांवर रंगानं ओढलेली असते. पावसाळ्याआधी एक माणूस येऊन बघतो, पावसाळ्यानंतर पुन्हा बघतो आणि वहीत लिहितो. शंभर वर्षं हे चालू आहे. त्याच मोरीपासून दोनशे मीटरवर त्याच नाल्यावर आपला रस्ता असतो, आणि आपल्या मोरीला क्रमांक नाही, वही नाही, रेघ नाही. ती कुणी बांधली हेही धड सांगता येत नाही. सिडकोनं बांधली असेल, सार्वजनिक बांधकामनं बांधली असेल, ग्रामपंचायत असताना सरपंचानं चार नळ आणून टाकले असतील, नाहीतर प्लॉट विकायला रस्ता दाखवायचा म्हणून कुणा बिल्डरनं रातोरात घातली असेल. शेवटचा प्रकार आमच्या नाल्यावर दोन ठिकाणी आहे.

म्हणून मागणी एकच. शहरातल्या प्रत्येक नाल्यावरच्या प्रत्येक ओलांडणीला क्रमांक द्या आणि तिची वही उघडा. वरून कोणत्या क्षेत्राचं पाणी येतं, गाळा किती, तळाची आणि रस्त्याची पातळी काय, किती पाणी जाऊ शकतं आणि किती येणार. शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. बस. ज्या मोरीत दोन आकड्यांचं अंतर सर्वांत जास्त आणि वरची रहदारीही जास्त, तिचं काम आधी. आज मोरी कुठली आधी घ्यायची हे कसं ठरतं, ते आपण जाणता आणि मीही जाणतो.

यासाठी सल्लागार कंपनी नेमू नका, ही हात जोडून विनंती. जाडजूड अहवाल येईल आणि कपाटात जाईल. उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पैठण रोडवर कांचनवाडीत वाल्मी आहे. पाणी आणि जमीन हाच त्या संस्थेचा विषय. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चार-चार जणांच्या टोळीनं नाल्यांवर पाठवा. मोजपट्टी, लेव्हल, मोबाइल. इंडियन रोड्स काँग्रेसचं लहान पूल आणि मोऱ्यांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक त्यांच्या ग्रंथालयात असतंच. सूत्रं निवडताना मात्र एक सांभाळा. पुराचं पाणी किती येणार हे काढायला इंग्लिस साहेबांचं सूत्र महाराष्ट्रात सर्रास वापरतात, पण ते सह्याद्रीतल्या पंख्यासारख्या पसरट पाणलोटांवरून आलेलं आहे. डोंगर तासून प्लॉट पाडलेल्या उपनगराला ते डोळे झाकून लावू नये. मुलांना पेठेत, वस्तीत जाऊन विचारू द्या, मावशी, पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवरचा ओलाव्याचा पट्टा सूत्रापेक्षा खरं बोलतो, असा माझा अनुभव.

या मोजणीत काही अडचणीच्या गोष्टी वर येतील, हे आत्ताच सांगून ठेवतो. नाल्यातलं अतिक्रमण म्हटलं की डोळ्यांपुढे पत्र्याची झोपडी येते. पण पात्रात जाऊन उभे राहिलात तर झोपडीच्या आधी भूमिगत गटार योजनेची चेंबरं दिसतील. काही ठिकाणी ती काठावर नाहीत, भर पात्रात आहेत, आणि पुरात वाहून येणारी प्रत्येक फांदी, प्रत्येक गादी त्यांच्या गळ्यात पडते. मोरीच्या तोंडाशी आडवी गेलेली पाण्याची पाइपलाइन दिसेल. औरंगपुऱ्याकडून दलालवाडीकडे जाणाऱ्या नाल्यावर काय काय उभं आहे ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. त्याला परवानगी झोपडीतल्या माणसानं दिली नव्हती. आधी आपलं स्वतःचं अतिक्रमण मोजा. मग गरिबाच्या दारात जायला तोंड राहील.

पूररेषेचंही तसंच. 1989 पासून राज्यात निळी रेषा आणि लाल रेषा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. लोक 'पंचवीस वर्षांतून एकदा' ऐकतात आणि निश्चिंत होतात. मागच्या वर्षी येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. त्याचा अर्थ तसा नाही. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार. त्या रेषेच्या आत वीस वर्षांच्या कर्जावर फ्लॅट घेतला, तर हप्ते फिटायच्या आत तो पूर दारात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, छप्पन्न टक्के आहे. बँक माणसाचा पगार तपासते, सात-बारा तपासते. हा आकडा तिला कुणी विचारायला हवा. आणि या रेषा मोठ्या नद्यांच्या नशिबी येतात. आमच्या वगळीला निळी-लाल कोण ओढणार?

खर्चाचं म्हणाल तर मोऱ्या महाग आहेत, मान्य. पण एक विरोधाभास मला रोज टोचतो. जायकवाडीहून शहराला पाणी आणायला आपण अडीच हजार मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी टाकली. हजारो कोटींची योजना. आत माणूस ताठ उभा राहून हात वर करू शकेल एवढी. आणि आकाशातून आलेलं पाणी घालवायला नऊशेचे तीन नळ. आणायची वाट राजरस्त्याएवढी, जायची वाट बोळाएवढी. ज्या गावात नळाला दिवसाआड सुद्धा पाणी येत नाही तिथे पुराचं रडगाणं कोण ऐकणार, हेही मला समजतं. तहानलेल्या गावाला पुराची भीती वाटत नाही. कदाचित म्हणूनच ती मोरी कुणाला दिसत नाही.

या मातीचा स्वभावही तसा आहे. मलिक अंबरनं 1610च्या सुमारास वसवलं ते गाव खडकीच. नावातच खडक. बेसॉल्टचा कातळ, वर वीतभर मुरूम. पाणी मुरायला जागा थोडी, म्हणून त्यानं नहर खोदून डोंगरातलं पाणी उताराउतारानं गावात आणलं. पंपाशिवाय. पुढे पाणचक्की फिरली तीही उताराच्या जोरावर. पाण्याची पातळी वाचायची इतकी तयार नजर या गावात होती. मकाई दरवाजापाशी, बारापुल्ला दरवाजापाशी खामवरचे जुने दगडी पूल कमानी मोजत सावकाश बघा. मी ते पूल आदर्श आहेत असं म्हणत नाही. आजच्या रहदारीला ते अरुंदच आहेत. पण बांधणाऱ्यानं आधी नदीची रुंदी पाहिली आणि मग रस्त्याची. आपण उलटं करतो.

वही होईल तेव्हा होईल. तोवर दोन कामं सांगतो, यांना निविदा लागत नाही. ज्या ठिकाणी रस्त्यावरून पाणी जातं हे प्रत्येक वॉर्डातल्या लोकांना तोंडपाठ आहे, तिथे दोन्ही बाजूंना खोली दाखवणारे खांब रोवा. पांढऱ्यावर काळ्या खुणा, आणि तीस सेंटिमीटरला जाड लाल पट्टा. शेजारी मराठीत, हिंदीत आणि उर्दूत एक ओळ: लाल पट्टा बुडाला की गाडी घालू नका. पोरगा मोटारसायकल घालण्याआधी निदान एकदा तिकडे बघेल. आणि तिथे रेल्वे फाटकासारखी एक साधी आडकाठी, जिची किल्ली जवळच्या दुकानदाराकडे असेल. सव्वीस मिनिटांत महापालिकेची गाडी पोचत नाही. पानटपरीवाला तिथेच असतो.

आमच्या मोरीची मापं, दोन्ही बाजूंचे आडवे छेद आणि वर मांडलेला हिशेब मी एका कागदावर काढून सोबत जोडला आहे. त्यात चूक असेल तर आपल्या अभियंत्यांनी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवावा, मला आनंद होईल. क्रमांकाच्या जागी तूर्तास मी '1' लिहिलं आहे. आपण दुसरा द्यावा.

पुढच्या पावसाच्या आधी एखाद्या रविवारी सकाळी सात वाजता आलात तर बायपासपासून डोंगरापर्यंत चालत जाऊ. दीड तास लागेल. वाटेत पाच ओलांडण्या आहेत. गमबूट आणावेत, दुसऱ्या मोरीपाशी चिखल असतो. मोजपट्टी माझ्याकडे तीस मीटरची आहे, पुरेल.

आपला,
सातारा परिसरातील एक निवृत्त अभियंता